अँप मोजमापात उत्तम, तरी तीन आठवड्यांत नकोसा झाला: कानाचं ऐकायचं की मीटरचं?

इंदिरानगरच्या एका तरुण श्रोत्यानं विचारलं आहे: ‘वडिलांचा जुना जपानी रिसीव्हर बाजूला ठेवून मी छोटा क्लास-डी (आउटपुट वेगानं चालू-बंद करून चालणारा) अँप घेतला. मोजमापांत विरूपण, म्हणजे सिग्नलमध्ये अँपनं केलेला बिघाड, फक्त ०.००२ टक्के. पहिल्या दिवशी आवाज एकदम स्वच्छ वाटला. आता तीन आठवड्यांनी मात्र अर्ध्या तासात बंद करावासा वाटतो. मित्र म्हणतो, आकडे बघ, बाकी सगळे मनाचे खेळ. दुकानदार म्हणतो, दोनशे तास वाजू द्या, मोकळा होईल. बरेच दिवस ऐकून झालेलं मत खरं मानायचं की मोजमाप?’

तुमची तक्रार मी पूर्ण खरी धरून चालतो. तीस-एक वर्षं नाशिकमध्ये अँप्लिफायर आणि स्पीकर दुरुस्त करण्यात गेली. ‘ऐकवत नाही’ म्हणत आलेला माणूस उगाच आला आहे, असं फार क्वचित निघालं. पण पोटात दुखतंय म्हणणाऱ्याचं दुखणं खरं असलं, तरी ते अपेंडिक्सच आहे हे त्याचं त्यानं ठरवून चालत नाही. तीन आठवडे ऐकून तुम्हाला दुखणं कळलं आहे. ते नव्या अँपमुळेच आहे की नाही, हे कळायचं बाकी आहे.

आधी कान बरोबर आणि मीटर अपुरं ठरलं, त्याची गोष्ट सांगतो. नाशिकरोडच्या एक निवृत्त संगीतशिक्षिका त्यांचा जुना अँप घेऊन आल्या होत्या. आधी एकानं तपासून ‘काही दोष नाही’ म्हणत परत दिला होता. बाईंची तक्रार नेमकी होती: ‘रात्री हळू आवाजात तंबोरा लावला की खर्जाची तार विरताना चरचरते. दिवसा मोठ्यानं लावला की नाही.’ मीही प्रथम नेहमीचीच तपासणी केली. ८ ओहमचा डमी लोड (स्पीकरऐवजी लावायचा रेझिस्टर), १००० हर्ट्झचा सिग्नल, १० वॅट. विरूपण ०.०५ टक्क्याच्या आसपास, म्हणजे ठणठणीत. मग त्यांची वाक्यं पुन्हा आठवली. रात्री, हळू, विरताना. जनरेटरचा सिग्नल कमी करत करत लोडवर ०.६ व्होल्टपर्यंत आणला, म्हणजे सुमारे ५० मिलिवॅट. स्कोपवर, म्हणजे लाट पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, साइन वेव्ह जिथे शून्याची रेषा ओलांडते, तिथे बारीक पायरी दिसायला लागली. विरूपण दीड टक्क्याच्या वर गेलं होतं.

झालं होतं असं की बायस, म्हणजे ट्रान्झिस्टरांना सतत थोडं जागं ठेवणारा प्रवाह, लावायचा छोटा पेच (प्रीसेट) आतून गंजला होता. एमिटर रेझिस्टरवर जिथे १० मिलिव्होल्ट मिळायला हवेत, तिथे जेमतेम १ मिळत होता. आउटपुटच्या दोन ट्रान्झिस्टरांपैकी एक वरची अर्धी लाट सांभाळतो, दुसरा खालची. बायस नसला तर एकाकडून दुसऱ्याकडे काम जाताना मध्ये क्षणभर दोघेही गप्प. मोठ्या लाटेत ही फट हरवून जाते, लहान लाटेत तीच मोठी होते. आणि घरात आपण बहुतेक वेळ लहान लाटाच ऐकत असतो. साधारण ८७ डेसिबल संवेदनशीलतेच्या (म्हणजे एका वॅटला एक मीटरवर तेवढा आवाज देणाऱ्या) स्पीकरला ५० मिलिवॅट दिले तरी एक मीटरवर ७४ डेसिबल आवाज मिळतो. तो रात्रीच्या ऐकण्याला भरपूर झाला. प्रीसेट नवा घातला, बायस लावला, हीटसिंक अर्धा तास तापू दिलं आणि पुन्हा एकदा लावला. बाईंची चरचर गेली.

त्या वेळी मीटर खोटं बोललं नव्हतं, आम्हीच त्याला चुकीच्या ठिकाणी बसवलं होतं. आणि बाईंच्या ऐकण्याचं मोल कशात होतं? त्यांनी ‘आवाजात जीव नाही’ असं काही म्हटलं नाही. कोणती तार, किती आवाजात, कोणत्या क्षणी, हे सांगितलं. एवढं पक्कं सांगितलेलं ऐकणं म्हणजे निम्मं मोजमापच असतं.

आता दुसरी बाजू, ती माझ्याच घरातली. बऱ्याच वर्षांपूर्वी मी माझ्या अँपमधले दोन कपलिंग कॅपॅसिटर बदलले आणि पॉलिप्रॉपिलिनचे चांगले महाग घातले. महिनाभर रोज ऐकलं आणि वहीत टिपणं केली: सतारीच्या तरफा सुट्या ऐकू येतात, तबल्याच्या चाटीला धार आली आहे, गायकाच्या मागे जागा आहे. पुढे दुसऱ्याच कामासाठी त्या अँपचं सर्किट कागदावर काढायला बसलो, तेव्हा दिसलं की ते दोन कॅपॅसिटर टेप-आउटच्या, म्हणजे रेकॉर्डरकडे जाणाऱ्या जोडणीच्या, वाटेवर आहेत. महिनाभर जे ऐकत होतो तो सिग्नल त्यांच्यातून जातच नव्हता. ती वही अजून कपाटात आहे. त्यातलं एकही वाक्य मी खोटं लिहिलेलं नाही. मला ते खरोखर ऐकू आलं होतं.

तेव्हापासून ‘बरेच दिवस ऐकलं’ एवढ्या जोरावर मी निदान करत नाही. याचं कारण कानाच्या घडणीतच आहे. आवाजाचा बारीक पोत कानात काही सेकंदच टिकतो. त्यानंतर आठवतं ते आपण त्या आवाजाबद्दल बनवलेलं मत. तीन आठवड्यांपूर्वीचा रिसीव्हर आणि आजचा अँप यांची तुलना करताना तुम्ही एका आठवणीशी आवाज ताडून बघताय. त्यात कानाला सवय लागते ती वेगळीच. घुमणाऱ्या खोलीत आठवडाभर राहिलं की घुमणं जाणवेनासं होतं. दोनशे तासांनी ‘मोकळा’ होतो (याला ‘बर्न-इन’ म्हणतात) तो बहुतेक वेळा ऐकणाराच. स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला धरून ठेवणारा सस्पेन्शन सुरुवातीला थोडा सैल होतो हे खरं, पण ट्रान्झिस्टरचा अँप तापून स्थिर व्हायला मिनिटं पुरतात, आठवडे लागत नाहीत.

नाशिकमध्ये मी याचा एक खास प्रकार दरवर्षी बघतो. गणपतीच्या सुमारास कोणी नवी सिस्टीम घेतो. तेव्हा उकाडा असतो आणि डोक्यावर पंखा. दिवाळी उलटते, थंडी पडते, जानेवारीत तर रात्री इथे चांगलीच हुडहुडी भरते. पंखा बंद होतो, खिडक्या बंद होतात. मग फोन येतो: ‘आता बर्न-इन झाला बरं का, बारीकसारीक सगळं ऐकू यायला लागलं!’ पंख्याची घरघर थांबली की हळू आवाजातलं पुष्कळ काही वर येतं, आणि श्रेय अँपला जातं. तुमचा अँप आला तेव्हा आणि आता, पंखा कसा होता ते आठवून बघा. मी हे गंभीरपणे विचारतोय.

तसंच ढोलाचं. नाशिक ढोल आपल्या अंगात भिनलेला आहे. पण मिरवणुकीत दोन-तीन तास पथकाजवळ उभं राहिल्यावर कानाची संवेदना तात्पुरती उतरते, आणि ती परत यायला काही तास, कधी पूर्ण रात्रसुद्धा जाते. त्या रात्री किंवा दुसऱ्या सकाळी ऐकून कुठल्याही उपकरणाबद्दल मत बनवू नका. पथकात वाजवत असाल तर कानात बोळे घाला, हे विषय सोडूनही सांगतो. एकदा कायमची गेलेली श्रवणशक्ती कुठल्याही बेंचवर दुरुस्त होत नाही.

बरेच दिवस ऐकण्याची रीतसर परीक्षाही झालेली आहे. अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या हौशी ध्वनितंत्रज्ञांच्या एका गटात डेव्हिड क्लार्क होते. दोन उपकरणांत फरक खरंच कळतो का, हे डोळ्यांआड तपासणाऱ्या एबीएक्स पद्धतीच्या पेटीची माहिती त्यांनी १९८२ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केली. याच गटानं पुढे मुद्दाम सुमारे २.५ टक्के विरूपण घालणाऱ्या बंद पेट्या सभासदांना घरी दिल्या. काही पेट्या निर्दोष होत्या. आपापल्या सिस्टीमवर, सवडीनं, हवे तितके दिवस ऐका आणि ओळखा, असं सांगितलं. घरी निवांत ऐकणाऱ्यांना ओळखता आलं नाही. लगेच इकडून तिकडे बदलून ऐकणाऱ्यांना मात्र थोड्या सरावानं तोच दोष पकडता आला. ‘थोडा वेळ ऐकून कळत नाही, राहून बघावं लागतं’ असं आपण सहज म्हणतो. बारीक फरकांच्या बाबतीत अनुभव बरोबर उलटा आहे.

डोळ्यांचंही तेच. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ साली चार स्पीकर आधी पडद्याआड आणि मग उघड ऐकवले. ऐकणारी माणसं तीच, स्पीकर तेच, पण दिसायला लागल्यावर गुण बदलले. दिसायला लहान, स्वस्त आणि प्लास्टिकचा होता, तो उघड ऐकताना खाली घसरला. तुमच्या बाबतीतही हे लक्षात घ्या. एकीकडे वडिलांचा रिसीव्हर, अॅल्युमिनियमचा दर्शनी भाग, जड नॉब, सुया हलणारे मीटर. दुसरीकडे तळहाताएवढी काळी डबी. कोणाच्याही कानावर याचा परिणाम होईल.

पण तुमच्या मित्रालाही मी मोकळं सोडणार नाही. शितावरून भाताची परीक्षा करायला शितं एकाच पातेल्यातली असावी लागतात. ०.००२ टक्के हे एक शीत आहे: १००० हर्ट्झ, ठरावीक वॅट, ठरावीक रेझिस्टर. तुमचा स्पीकर रेझिस्टर नाही. त्याचा इंपीडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विरोध, कुठे ४ ओहम, कुठे २० ओहम असा वरखाली होत असतो. अँपचा स्वतःचा आउटपुट इंपीडन्स २ ओहम असला, जसा पुष्कळ व्हॉल्व्ह अँपचा असतो, तर अशा स्पीकरवर वेगवेगळ्या सुरांत २.७ डेसिबलचा चढउतार येतो. विरूपणाच्या आकड्यात तो कुठेच दिसणार नाही, पण कानाला लगेच कळेल. स्वस्त क्लास-डी बोर्डांचं आणखी एक आहे. त्यांच्या आउटपुटला कॉइल आणि कॅपॅसिटरचा फिल्टर असतो, आणि फीडबॅक (चूक सुधारण्यासाठी आउटपुटकडून परत घेतलेला सिग्नल) त्या फिल्टरच्या आधीच घेतलेला असेल तर सगळ्यात वरच्या पट्टीतला आवाज स्पीकरप्रमाणे बदलतो. ट्वीटरचा इंपीडन्स वर चढणारा असेल तर तिथे उंचवटा येतो. पहिल्या दिवशी तो ‘स्वच्छ’ वाटतो आणि तिसऱ्या आठवड्यात बोचतो. तुमच्या वर्णनाशी हे जुळतं, म्हणून मोजून बघण्यासारखं आहे.

सत्तरच्या दशकात हा एकाच आकड्याचा सोस शिगेला पोचला होता. भरमसाट फीडबॅक लावून विरूपण शून्याच्या पुढे दोन-दोन शून्यांवर नेलेले अँप आले, आणि त्यातले काही वेगानं बदलणाऱ्या सिग्नलवर अडखळत. फिनलंडचे मत्ती ओताला यांनी त्या दोषावर काम केलं, त्यासाठी नव्या चाचण्या आल्या, आणि आजच्या नीट बनवलेल्या अँपमध्ये तो दोष उरलेला नाही. तेव्हा मोजमाप कमी पडलं म्हणून कोणी ते टाकून दिलं नाही, ते सुधारलं.

काही दोष कान चक्क झाकतो, हेही माहीत असू द्या. काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज साधारण ६९ हर्ट्झचा. तुमचा छोटा स्पीकर ६९ हर्ट्झ जवळजवळ देतच नसेल, तरी तुम्हाला खर्ज ऐकू येतो, कारण वरच्या स्वरांशांवरून, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतल्या सुरांवरून, मेंदू मूळ स्वर भरून काढतो. वर्षभर ऐकलंत तरी ही उणीव सापडणार नाही. मायक्रोफोन दोन मिनिटांत दाखवतो. उलट त्याच खर्जातून उमटणारा स्वयंभू गांधार, म्हणजे पाचवा स्वरांश, ३४६ हर्ट्झच्या आसपास असतो. तो स्पष्ट, स्थिर ऐकू येतोय का, ही परीक्षा तयार कान कुठल्याही आलेखाइतकी झटकन करतो. माझ्या बेंचवरची पहिली परीक्षा नेहमी तंबोऱ्याचीच असते.

आता तुमच्या अँपकडे येतो. माझा पहिला संशय तुमच्या नव्या डबीवर नाहीच. वडिलांच्या रिसीव्हरवर ‘लाउडनेस’ नावाचं बटण आहे का, आणि ते वर्षानुवर्षं दाबलेलंच आहे का, ते बघा. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ साली दाखवून दिलं की आवाज हळू केला की कानाला खर्ज फार लवकर कमी ऐकू यायला लागतो. ते भरून काढायला हे बटण हळू आवाजात खर्ज चांगलाच उचलतं, काही रिसीव्हरांत वरची टोकंही. तुम्ही फ्लॅटमध्ये राहत असाल, शेजारी असतील, तर हळूच ऐकत असणार. जुन्यावर भरलेला, ऊबदार आवाज आणि नव्यावर सपाट, कोरडा आवाज: तीन आठवड्यांत कंटाळा यायला एवढं पुरेसं आहे. यात नव्याचा दोष नाही आणि जुन्याची जादूही नाही.

बटण सोडून, टोन कंट्रोल मधोमध ठेवूनसुद्धा फरक राहिला, तर आवाजाची पातळी मोजून सारखी करा. हे कानानं जमत नाही. अर्धा डेसिबल मोठा आवाज ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. मोबाईलवरून १०० हर्ट्झचा सूर लावा, मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि स्पीकरच्या टोकांवर मोजा. १०० हर्ट्झ अशासाठी की स्वस्त मीटर ४०० हर्ट्झच्या पुढे बरोबर दाखवेलच असं नाही. दोन्ही अँपचा आकडा एक टक्क्याच्या आत आणा. ०.१ डेसिबल म्हणजे व्होल्टमध्ये साधारण १.२ टक्के.

इथे एक सावधगिरी, आणि ती अजिबात हलक्यात घेऊ नका. बाजारात मिळणाऱ्या स्पीकर सिलेक्टर पेट्यांत बऱ्याचदा मायनसच्या तारा आतून एकत्र जोडलेल्या असतात. तुमच्यासारख्या छोट्या क्लास-डी अँपचं आउटपुट बहुतेक वेळा ब्रिज पद्धतीचं असतं, म्हणजे त्याच्या मायनसवरही सिग्नल असतो. तो अर्थिंगला किंवा दुसऱ्या अँपच्या मायनसला लागला तर अँप जागच्या जागी जाऊ शकतो. प्लस आणि मायनस दोन्ही तोडणारा स्विचच वापरा. नाहीतर अँप बंद करून हातानं तारा बदला. थोडा वेळ जाईल, पण पैसे वाचतील.

मग कोणाला तरी नाणं उडवून अँप निवडायला सांगा, तुम्ही त्याच्याकडे पाठ फिरवून ऐका आणि कोणता अँप वाजतोय ते कागदावर लिहा. १६ वेळा करा. १२ किंवा जास्त बरोबर आले तर तुम्हाला फरक खरोखर ऐकू येतोय असं मी मानेन, कारण नुसत्या अंदाजानं एवढं यायची शक्यता ४ टक्क्यांहून कमी आहे. ८-९ आले तर अँप सोडा आणि खोलीकडे बघा. १२ बाय १० फुटांची खोली असेल तर ४७ आणि ५६ हर्ट्झच्या आसपास ती स्वतःच घुमते, आणि उघडी फरशी, उघड्या भिंती वरच्या पट्टीला धार लावतात. ‘रूम ईक्यू विझार्ड’ हे सॉफ्टवेअर मोफत आहे, मोजण्याचा साधा यूएसबी मायक्रोफोन मिळतो. अँप बदलून जे होत नाही ते स्पीकर भिंतीपासून दीड फूट पुढे ओढून आणि खाली सतरंजी टाकून होतं, हे मी कितीतरी घरांत पाहिलं आहे.

म्हणजे बरेच दिवस ऐकण्याला अर्थच नाही का? आहे, आणि माझ्या लेखी मोठा आहे, पण त्याचं काम वेगळं. चाळीस मिनिटं तापल्यावरच उघडणारा सोल्डरचा जोड, मध्यरात्री ऐकू येणारी १०० हर्ट्झची गुणगुण, कोणत्या गायकाला तुम्ही दर वेळी उठून आवाज कमी करता, हे बेंचवर सापडत नाही. नाशिकला जन्मलेल्या द. वि. पलुस्करांची जुनी ध्वनिमुद्रणं माझ्याकडे आहेत. त्यांत ना खालचा खर्ज, ना वरची झळाळी, सगळा जीव मधल्या पट्टीत. एखाद्या स्पीकरवर ती सलग तासभर ऐकवली नाहीत, तर मी त्या स्पीकरच्या १ ते ४ किलोहर्ट्झमध्ये काय चाललंय ते मोजायला जातो, आणि बहुतेक वेळा काहीतरी सापडतं. स्पीकरला मी तीन आठवडे देतो. अँपला मोजमापाची एक दुपार पुरते.

तेव्हा आठ दिवस वहीत एवढंच लिहा: काय वाजत होतं, कितव्या मिनिटाला नकोसं झालं, व्हॉल्यूम कुठे होता, वाजले किती होते, पंखा चालू होता की बंद. ‘रुक्ष’, ‘बोचरा’ हे शब्द लिहू नका. मग दोन्ही अँप आणि ती वही घेऊन या. येताना घरची स्पीकरची वायरही आणा, मधला सांधा असेल तर तोसुद्धा, न सोडवता.